स्थानकाचे दार कोणत्या रस्त्यावर उघडते?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वास्को आणि सावर्डे या दोन रेल्वे स्थानकांचा समावेश केंद्र सरकारच्या अमृत भारत स्थानक योजनेत झाल्यापासून गोव्यात स्थानकांच्या नूतनीकरणाची चर्चा अधूनमधून डोके वर काढते. ही चर्चा बहुधा दर्शनी इमारत, सरकते जिने, प्रतीक्षालय आणि वाहनतळ यांच्यापुरती राहते. अशा कामांची संकल्पचित्रे देशभर प्रसिद्ध होत असतात. ती मी लक्षपूर्वक पाहतो, कारण त्यांत काय वगळले आहे यावरून योजनाकारांच्या मनातले बरेच कळते. चित्रात संध्याकाळचा सोनेरी उजेड असतो, चकचकीत दर्शनी भाग असतो आणि रांगेत उभ्या मोटारी असतात. मात्र स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर येणारा रस्ता, त्यावरची दुकाने, बसचा थांबा आणि रुळांपलीकडच्या वाड्यावर जाणारी वाट यांपैकी काहीही नसते. स्थानकाभोवतीचा भाग नांदता राहणार की ओस पडणार, हे मात्र नेमके याच न दाखवलेल्या गोष्टींवर ठरते. म्हणून या विषयाकडे आपल्या वाचकांचे, आणि त्यांच्याबरोबर पालिका, पंचायती व नगरनियोजन खात्याचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

गोव्यात रेल्वेच्या दोन पिढ्या एकाच वेळी पाहायला मिळतात, आणि स्थानकाच्या मांडणीचा गावावर काय परिणाम होतो याचा याहून चांगला नमुना शोधायला फार दूर जावे लागत नाही. पहिली पिढी मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत जाणाऱ्या मार्गाची. पोर्तुगीज आणि ब्रिटिश सरकारांत १८७८ साली झालेल्या करारानंतर १८८० च्या दशकात तो बांधला गेला. मीटरगेजचा हा मार्ग गावांच्या अंगाखांद्यावरून गेला. वास्को, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे ही स्थानके वस्तीच्या जवळ आली, किंवा वस्तीच पुढे त्यांच्याजवळ आली. सावर्डे हे नाव मिरवणारे स्थानक प्रत्यक्षात कुडचडे शहरात आहे, आणि कुडचड्याच्या बाजारपेठेची वाढ या स्थानकाला सोडून सांगताच येत नाही. मीठ, लाकूड, पुढे खनिज, अशा मालाच्या आणि माणसांच्या ये-जा करण्यातून तिथे पेढ्या, खानावळी, कापडाची दुकाने उभी राहिली. आजही गाडीतून उतरलेला माणूस काही पावलांत बाजारात असतो.

दुसरी पिढी कोकण रेल्वेची. २६ जानेवारी १९९८ रोजी या रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि गोव्याचे मुंबईशी व दक्षिणेशी नाते बदलले, याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून आखला गेला. चढ १५० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको, असे निकष असले की मार्ग गावाच्या सोयीने वळत नाही. डोंगर पोखरून आणि शेते ओलांडून तो सरळ जातो. परिणामी थिवीचे स्थानक म्हापशाचे म्हणून ओळखले जाते, पण म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तिथून दहाबारा किलोमीटरवर भरतो. राजधानी पणजीला स्थानकच नाही. करमळीला उतरून साधारण तेवढेच अंतर पुढे काटावे लागते. पेडणे आणि बाळ्ळी येथेही स्थानक आणि बाजार यांची अशी गाठ पडलेली नाही. या स्थानकांना पाव शतक उलटून गेले. गाड्या भरून येतात आणि भरून जातात, मात्र फाटकाबाहेर गाव उभे राहिलेले नाही. टॅक्सी, चहाचे दोनचार गाडे आणि भिंतीलगत लावलेल्या दुचाक्या, एवढाच संसार.

यावर कोणी म्हणेल, की अंतराचा दोष स्थानकाच्या रचनेवर का टाकता? मान्य आहे, आखणी आता बदलता येणार नाही. पण मडगावचे उदाहरण घ्या. हे स्थानक शहरात आहे, कोकण रेल्वे आणि दक्षिण पश्चिम रेल्वे यांचे ते जंक्शन आहे, गोव्यातले सर्वांत गजबजलेले स्थानक आहे. तरीही ज्याला शहराचा स्थानक-परिसर म्हणावे असे तिथे काय आहे? दारातून बाहेर पडताच मोटारींसाठी राखलेले पटांगण लागते. पणजीला जाणारी कदंबची, म्हणजे राज्याच्या परिवहन महामंडळाची, बस हवी असेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, फातोर्ड्याच्या बाजूला असलेल्या बसस्थानकावर जायचे. पालिका उद्यानाभोवतीचा जुना बाजार चालत जाता येईल इतका जवळ आहे. परंतु सामान घेऊन, लहान मूल हाताशी धरून त्या वाटेने चालून पाहिल्यावर, बहुतेक लोक पायलट (भाड्याची मोटारसायकल) किंवा रिक्षा का करतात हे लगेच उमगते. पदपथ सुरू होतो, गटाराच्या उघड्या फरशीपाशी तुटतो, पुढे एखाद्या दुकानाच्या पायरीखाली नाहीसा होतो. शहर आणि स्थानक एकमेकांना खेटून उभे आहेत, पण त्यांची बोलाचाली नाही.

पावसाळ्यात ही गोष्ट अधिकच ठळकपणे दिसते. जुलैमधल्या एखाद्या संध्याकाळी लांब पल्ल्याची गाडी येते तेव्हा छपराच्या शेवटच्या पत्र्याखाली माणसांची दाट रांग लागते. पत्र्याच्या कडेवरून पाण्याची धार अखंड पडत असते, आणि त्या धारेपलीकडे, तीसचाळीस पावलांवर, रिक्षा आणि पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींचे पायलट रेनकोट चढवून उभे असतात. मधल्या उघड्या जागेत पाणी साचलेले असते आणि त्यात मोटारी मागेपुढे होत असतात. एखादी बाई पिशवी डोक्यावर धरून धाव घेते, मधल्या साखळीला अडते, वळसा घालते आणि भिजते. भिजून पायलटपर्यंत पोचलेला प्रवासी समोरच्या चहाच्या गाड्यापाशी थांबत नाही, फळवाल्याकडे वळत नाही. तो सुटतो तो थेट घरी. तीसचाळीस पावलांच्या उघड्या जागेमुळे बाहेरच्या दहा विक्रेत्यांचे गिऱ्हाईक रोज जाते, हे संकल्पचित्र काढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. सिंगापूरमध्ये पाऊस आपल्यासारखाच कोसळतो. तिथल्या भूपरिवहन प्राधिकरणाने मेट्रो स्थानकापासून ४०० मीटरच्या परिघातल्या शाळा, बाजार आणि वसाहतींपर्यंत छप्पर घातलेले पादचारी मार्ग नेण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. साध्या खांबांवरची ही साधी छपरे आहेत. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या राज्यात ४०० मीटर राहू द्या, निदान दारापासून बस थांब्यापर्यंत तरी छप्पर का नसावे?

वाहनतळाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे स्थानकाचा विकास म्हणजे अधिक मोटारींची सोय असे समीकरण रूढ झाले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या मेट्रोची ऑरेंज लाइन पोटोमॅक नदी ओलांडून आर्लिंग्टन परगण्यात येते. ती जलदगती महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून न्यावी असा प्रस्ताव होता, कारण ते स्वस्त पडले असते. स्थानिक प्रशासनाने आग्रह धरून ती जुन्या, उतरत्या कळा लागलेल्या बाजाररस्त्याखालून भुयारी नेली आणि बॉलस्टनपर्यंतचा हा भाग १९७९ मध्ये सुरू झाला. स्थानकाच्या अगदी जवळ उंच इमारती, थोडे दूर गेल्यावर मध्यम, आणि त्यापलीकडची बैठी घरे तशीच ठेवायची, असा नियम त्यांनी आखून दिला. आज त्या रस्त्यावर दुकाने, कार्यालये, घरे आणि चालणारी माणसे आहेत. गंमत अशी, की त्याच मार्गाची १९८६ साली सुरू झालेली पुढची काही स्थानके महामार्गाच्या मधोमध आहेत आणि त्यांच्याभोवती प्रामुख्याने मोटारींच्या आवाजाची आणि वाहनतळांची गर्दी आहे. गाडी तीच, तिकीट तेच, प्रवासीही बरेचसे त्याच वर्गातले. फरक पडला तो स्थानकाचे दार कुठे उघडते आणि दाराबाहेरची पहिली जागा कोणाला दिली आहे याचा.

वाहनतळ नकोच असे मी म्हणत नाही. गोव्यात दुचाकीवाचून अनेकांचे पान हलत नाही, आणि सकाळी दुचाकी लावून वास्कोकडे किंवा मडगावकडे गाडीने जाणारा नोकरदार हा रेल्वेचा हक्काचा प्रवासी आहे. प्रश्न वाहनतळाच्या जागेचा आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या स्थानकात १२,५०० सायकली ठेवण्याची सोय आहे आणि ती स्थानकासमोरच्या चौकाखाली, तळघरात आहे. वरचा चौक माणसांसाठी मोकळा आहे. आपल्याला तळघरे परवडणार नाहीत, आणि इथल्या पाण्याच्या पातळीत ती टिकणारही नाहीत, पण वाहनतळ बाजूला किंवा मागे सरकवणे परवडते. दारासमोरची जागा बस, पायलट, रिक्षा आणि पायी चालणारे यांची असावी. मोटार लावणाऱ्याने थोडे चालावे.

आता या विषयातल्या सर्वांत अवघड भागाकडे येतो, आणि मुंबईची उदाहरणे जशीच्या तशी गोव्याला का लागू पडत नाहीत हेही तिथेच दिसते. दादरला दर काही मिनिटांनी लोकल येते. लाखो पावले दिवसभर त्या पुलांवरून आणि गल्ल्यांतून वाहतात, म्हणून तिथे फुलबाजार, भाजीबाजार, कपडेबाजार सगळे टिकते. तिथे गाडीच परिसराला जागते ठेवते. आपल्याकडे कुळे ते वास्को या मार्गावर दिवसातून मोजक्याच प्रवासी गाड्या धावतात. गाडी आली की पाचदहा मिनिटे गडबड, मग तासन्‌तास शांतता. म्हणून केवळ प्रवाशांच्या भरवशावर स्थानकाच्या आवारात दुकाने काढली तर ती वर्षभरात बंद पडतील. गोव्यातल्या स्थानकाला जाग आणायची असेल, तर गाडी नसतानाही लोकांना तिथे येण्याचे कारण असले पाहिजे. म्हणजेच स्थानकाने शहराच्या रोजच्या वाटेवर उभे राहायला हवे. रोजच्या भाजीचा, पोस्टाचा, बँकेचा, शाळेतून घरी परतण्याचा रस्ता स्थानकाच्या दारावरून जात असेल, तर गाडी दोन तासांनी आली तरी चहावाल्याची चूल विझत नाही.

जपानमधल्या एका उपनगरी रेल्वे कंपनीचा इतिहास यासंदर्भात मला नेहमी विचार करायला लावतो. इचिझो कोबायाशी या उद्योजकाने १९१० मध्ये ओसाकाच्या उमेदा भागापासून ताकाराझुका या लहान गावापर्यंत रेल्वे सुरू केली, तेव्हा त्या मार्गावर पुरेसे प्रवासीच नव्हते. त्याने मार्गालगत घरे बांधून ती हप्त्यांनी विकली, शेवटच्या गावी स्त्री कलाकारांची नाट्यसंस्था उभारली आणि १९२९ मध्ये उमेदाच्या स्थानकातच मोठे वस्तुभांडार उघडले. प्रवासी आधी नव्हते. ते घडवले गेले. आपण मात्र नेमके उलट केले आहे. मडगाव, वास्को आणि कुडचडे या तिन्ही ठिकाणी सरकारने रवींद्र भवने बांधली, आणि नाटक, तियात्र (कोकणी रंगनाट्य), संगीत यांसाठी जीव टाकणाऱ्या या राज्यात ती भरतातही. पण त्यांपैकी एकही रेल्वे स्थानकाला लागून नाही. नाट्यगृह एकीकडे, बसस्थानक दुसरीकडे, स्थानक तिसरीकडे आणि बाजार चौथीकडे. अशा शहरात प्रत्येक कामासाठी वाहन काढावे लागते आणि मग वाहने फार झाली म्हणून आपणच तक्रार करतो.

स्थानकाच्या आत आणि वर दुकाने-कार्यालये बांधली म्हणजे परिसर आपोआप जिवंत होतो, अशीही एक समजूत आहे. नवी मुंबईत सिडकोने मानखुर्द-पनवेल मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, वाशीसारख्या स्थानकावर कार्यालयांची भव्य संकुले उभी केली, आणि रेल्वे व नगररचना एकत्र विचारात घेण्याचा तो भारतातला फार मोठा प्रयोग होता, याचे श्रेय दिलेच पाहिजे. १९९२ मध्ये वाशीपर्यंत गाडी आली, पुढे नोकऱ्या आल्या, वस्ती आली. तरीही तिथल्या प्रचंड दालनांतून फिरताना माझे मत असे झाले, की माणसांची खरी वर्दळ त्या दालनांत नसून जिथे जिना संपतो आणि रस्ता सुरू होतो त्या अरुंद कडेवर आहे. वडापाववाला, चावीवाला, फुलवाली तिथेच दिसतात. आतल्या दिशेने उघडणारी दुकाने प्रवाशाला आत डांबतात; रस्त्याकडे उघडणारी दुकाने रस्त्याला राखण देतात. मुंबईत २००८ पासून बांधलेल्या स्कायवॉकांनीही तोच धडा दिला. चालणाऱ्याला उचलून वर नेले की खालचा रस्ता वाहनांना मोकळा होतो, पण खालच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक जाते आणि वरची वाट रात्री निर्जन होते. त्यामुळे पहिला स्कायवॉक बांधण्याआधी खालचा पदपथ का नीट करता आला नाही, हा प्रश्न आजही उरतोच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या परळ-एल्फिन्स्टन भागात गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे आले, हजारो कर्मचारी येऊ लागले, पण स्थानकाचा पूल जुन्याच मापाचा राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात त्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. परिसराची भरभराट आणि स्थानकाची रचना यांचा हिशेब वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठेवला की काय होते, ते तिथे दिसले. आपल्याकडे एवढी गर्दी नाही. पण नियोजनातली फारकत तीच आहे.

ही फारकत जमिनीवर कशी दिसते, हे कोणत्याही स्थानकाच्या फाटकापाशी पाहता येते. रेल्वेची हद्द जिथे संपते तिथे डांबराचा पोत बदलतो. अलीकडचा खड्डा रेल्वेचा, पलीकडचा पालिकेचा, आणि मधल्या दीडदोन मीटरचा कोणाचाच नाही. दिवा कोणी लावायचा, गटार कोणी उपसायचे, कचरा कोणी उचलायचा यावर पत्रव्यवहार चालतो. गाडेवाल्याची अवस्था याहून बिकट. पालिकेच्या बाजूला बसला तर त्याच्याकडून सोपो, म्हणजे बाजारकर, घेतला जातो, रेल्वेच्या बाजूला सरकला तर त्याला हुसकावले जाते, म्हणून तो नेमका त्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे चालणाऱ्यांच्या वाटेतच बसतो. आणि मग अतिक्रमण झाले म्हणून दोन्हीकडून ओरड होते. जुन्या गोमंतकीय घराच्या बल्कांवात, म्हणजे दर्शनी बैठकीच्या ओसरीत, जसे आत आलेल्याला आणि रस्त्याने जाणाऱ्याला एकाच वेळी टेकता येते, तशी घरची म्हणता येईल आणि दारचीही म्हणता येईल अशी जागा स्थानकाच्या दर्शनी भागात मुद्दाम आखावी लागते. विक्रेत्यांना तिथे ठरलेली, छपराखालची, पाण्याची सोय असलेली जागा द्यावी. चवथीच्या आधीचे दोनतीन दिवस आपल्या बाजारांत माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचे, सामान घेऊन डोंगराकडच्या गावांतून बायका येतात आणि मिळेल त्या रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसतात. कुडचड्याच्या स्थानकासमोरचे पटांगण त्या दिवसांत त्यांना दिले, तर मोटारवाल्यांचे फारसे काही बिघडणार नाही आणि स्थानकाची ओळख मात्र नव्याने होईल. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्यानंतर कुडचडे-सावर्डे भागातल्या व्यापाराने जे सोसले, ते पाहता या शहराला अशा आधाराची गरज आहे.

रुळांच्या दोन्ही बाजू जोडण्याचा प्रश्न तर आपण जवळजवळ विसरूनच गेलो आहोत. वास्कोचे स्थानक शहराच्या ऐन मध्यात आहे, ही केवढी मोठी दौलत! एका बाजूला स्वातंत्र्यपथ, बाजार आणि पायी जाण्याच्या अंतरावर बसस्थानक, तर दुसऱ्या बाजूला यार्ड, बंदराचा परिसर आणि खारीवाडा. स्थानक शहराकडे तोंड करून उभे आहे आणि समुद्राकडे त्याने पाठ फिरवली आहे. आपल्या देशात स्थानकावरचा पूल बहुधा फलाटांना जोडलेला असतो आणि त्यावरून जायचे तर हाती तिकीट लागते. म्हणजे प्रवास न करणाऱ्या माणसासाठी स्थानक ही एक लांबलचक भिंतच ठरते. दादरच्या टिळक पुलासारखा तिकिटाशी संबंध नसलेला, पालिकेच्या अखत्यारीतला मार्ग असला की शहराचे दोन तुकडे एक होतात. वास्कोचे काम सुरू असतानाच असा खुला, उतरणीचा, दिवाबत्ती असलेला पादचारी मार्ग आराखड्यात घालता आला, तर पुढच्या पन्नास वर्षांचे काम होईल. इमारत उभी राहिल्यावर तो घालता येत नाही. निदान आपल्याकडे तरी मागाहून घातल्याचे क्वचितच ऐकू येते.

कासावली, माजोर्डा, सुरावली, चांदर या गावांतला प्रश्न निराळा आहे आणि नाजूकही. रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला तिथल्या लोकांनी कोळशाच्या वाहतुकीच्या भीतीने विरोध केला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला रात्रभर लोक रुळांवर जमले होते, हे सर्वांना आठवत असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण काम पुढे सरकते तेव्हा फाटके बंद होतात, त्यांच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी वाटा येतात, आणि त्यांचा गावाच्या बाजारावर काय परिणाम होईल याची विचारणा कोणी करत नाही. फाटकापाशी थांबावे लागते हा त्रासच. परंतु त्या थांबण्यातूनच तिथे पोदेराची (पाववाल्याची) सायकल, मासे घेऊन बसलेली बाई आणि किराण्याचे दुकान जमलेले असते. वरून पूल गेला की ते सगळे पुलाच्या सावलीत जाते, आणि भुयारी वाट पहिल्याच पावसात तळे होते. वाहनांसाठी पूल बांधला तरी पायी चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट जमिनीच्या पातळीवर, कोरडी आणि थेट राहील अशी अट घालणे अशक्य नाही.

सगळीच स्थानके गजबजावीत असे मात्र माझे म्हणणे नाही. करमळीचे स्थानक तळ्याच्या आणि भातशेतांच्या काठी आहे. हिवाळ्यात त्या तळ्यावर येणारे पक्षी पाहायला लोक लांबून येतात, आणि जवळच जुन्या गोव्याची, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली चर्चेस आहेत. इथे स्थानक-परिसराच्या विकासाच्या नावाखाली इमारती आणणे हा अनर्थ ठरेल. करमळीला हवी आहे ती प्रत्येक मुख्य गाडीच्या वेळेशी जुळवलेली पणजीची बस, जुन्या गोव्यापर्यंत सावलीची पायवाट आणि तळ्याच्या बाजूला अंधार राखणारे, खाली वळवलेले दिवे. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनासाठी लोक लोटले, तशा प्रसंगांसाठी तात्पुरती सोय करता येते. त्यासाठी कायमचे काँक्रीट ओतण्याची गरज नाही.

ही सावधगिरी मुद्दाम सांगतो, कारण गोव्यात ‘विकास’ म्हटले की लोकांना जमिनीचे रूपांतर आठवते, आणि नगरनियोजन कायद्याच्या, जमिनीच्या वापराचे क्षेत्र बदलू देणाऱ्या, १७(२) आणि ३९-अ या कलमांवरून गेल्या काही वर्षांत जे घडले त्यानंतर लोकांना दोष देता येत नाही. स्थानकाभोवती अधिक उंचीला आणि अधिक बांधकामाला परवानगी, हे धोरण जगभर चालते म्हणून उद्या पेडणे किंवा थिवीच्या माळरानांवर आणि डोंगरउतारांवर ते लावले गेले, तर गाव वसणार नाही. दुसरी घरे घेणाऱ्यांच्या बंद सदनिका तेवढ्या उभ्या राहतील आणि बंद सदनिकांनी कोणताही रस्ता जागा राहत नाही. म्हणून आधी हात घालावा तो मडगाव, वास्को आणि कुडचडे या आधीच वसलेल्या शहरांत. तिथेही नवी उंची देण्याआधी आहे त्या रस्त्याचे पदपथ, छपरे, दिवे आणि बस थांबे पूर्ण करावेत.

थिवी, पेडणे, बाळ्ळी, काणकोण यांना तूर्त एवढेच पुरे, की गाडीची वेळ आणि बसची वेळ यांचा मेळ बसावा आणि उशिरा आलेल्या गाडीसाठीही शेवटची बस थांबावी.

इमारतीच्या सौंदर्याला माझा विरोध नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या स्थानकांच्या दर्शनी भागाचे सुशोभीकरण महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने केले, आणि राज्य सरकार रेल्वेच्या दारात पैसा खर्च करू शकते हे त्यातून सिद्ध झाले. गोवा सरकारनेही तशी तयारी दाखवावी. फक्त तो पैसा भिंतीवर न लावता भिंतीपुढच्या पाचशे मीटरांत लावावा. चिऱ्याची भिंत आणि मंगलोरी कौले मलाही आवडतात, पण त्यांच्याखाली बस उभी राहत नसेल तर त्या कौलांचा उपयोग छायाचित्रापुरताच.

शासनाकडे आणि रेल्वेकडे माझी मागणी मर्यादित आहे. वास्को आणि सावर्डे स्थानकांचे आराखडे, ज्यांत इमारतीबरोबरच बाहेरचे रस्ते, प्रवेशद्वारे, बस थांबे, विक्रेत्यांच्या जागा आणि रुळ ओलांडण्याच्या वाटा दाखवलेल्या आहेत असे आराखडे, मुरगाव आणि कुडचडे-काकोडा या पालिकांच्या कचेरीत मराठी आणि कोकणीतून लोकांना पाहण्यासाठी लावावेत, त्यांवर सूचना मागवाव्यात आणि पालिका मंडळाच्या बैठकीत त्या सूचनांची लेखी उत्तरे द्यावीत. मडगावसाठी दक्षिण गोवा नियोजन व विकास प्राधिकरण, पालिका, कदंब महामंडळ आणि दोन्ही रेल्वे यांची एक संयुक्त बैठक बोलवावी, आणि त्या बैठकीला जाण्यापूर्वी सर्व अधिकाऱ्यांनी एकदा फलाटावरून पालिका उद्यानापर्यंत हातात सामान घेऊन पायी चालत यावे. शक्यतो जुलैत.

आपला विश्वासू,
एक वाचक,
मडगाव